बोरीचे डोळे

रहिमतपूर,
१२ जानेवारी २०२४

सिद्धू, रामराम.

चंद्राचं वर्षश्राद्ध गेल्या आठवड्यात झालं. पाहुणे गेले, मांडव उतरला, आणि आपलं घर इतकं मोठं आहे हे मला पहिल्यांदाच कळलं. उदयसिंह शिरवळच्या कंपनीतून शनिवारी संध्याकाळी येतो, रविवारी जेवून जातो. मधले दिवस मी परसात खुर्ची टाकून बसतो. माझे दोन्ही कान तोफेनं नेले ते नेलेच. गप्पा मारायला कोण येणार? आलाच कोणी, तर ओरडून ओरडून त्याचाच घसा बसतो. पोरानं मोबाईल घेऊन दिलाय, पण बोट ठेवावं एका अक्षरावर आणि उमटतं शेजारचं. तुझाही एकच कान शिल्लक. तेव्हा आपल्या दोघांना टपालच बरं.

मनात आलंय की परसात फळझाडं लावावीत. चंद्रा किती वर्षं म्हणत होती, "आवं, सगळ्या रानात ऊस, पर दारात तोडून खावं असं एक फळ न्हाई." मी नुसतं हूं म्हणत राहिलो. ती होती तोवर तिला एक पेरू लावून दिला नाही आणि आता कुदळ घेऊन निघालोय. या गोष्टीचं मला फार वाईट वाटतं, सिद्धू. पण ती जागा तशीच रिकामी बघत बसणं त्याहून अवघड झालंय.

जागा अडीच गुंठे. उदय म्हणतो ड्रॅगन फ्रूट लावा. मी म्हटलं, ज्याचं नाव घेताना जीभ अडखळते ते मी खाणार नाही. तू सांग, कोणती झाडं लावू?

आणखी एक. कोपऱ्यात गावरान बोर आहे. अंगभर काटे, फळ आंबट, निम्म्यात अळी. उदय जेसीबीवाल्याला सांगून आलाय. पण चंद्रानं तिला कधी हात लावू दिला नाही. संक्रांतीला सुगडात घालायला आळीतल्या बायका तिथलीच बोरं न्यायच्या. काढू का ठेवू?

बोरीकडे बघितलं की तुझी आई आठवते. रंगुबाईंना अक्षर येत नव्हतं, त्यामुळे वर बर्फातल्या चौकीवर तुझ्या नावानं पत्र नाही, बोरांची पुरचुंडी यायची. तू एक बोर दाढेखाली धरायचास, डोळे मिटायचास आणि सांगायचास, "औंदा पाऊस बरा झालाय," नाहीतर, "हिरीनं तळ गाठला." पुढच्या महिन्यात भावाचं पत्र यायचं आणि नेमकं तेच निघायचं. तोफेच्या साइटला डोळा लावणारा लेयर तू, गोळा भरणारा लोडर मी. तुझी जीभ आणि तुझा डोळा कधी चुकला नाही.

तुझा लाला

*

माळवस्ती, ता. आटपाडी
२ फेब्रुवारी २०२४

लाला,

पत्र पोचलं. मला तुझ्यावानी शुद्ध लिवाय येत न्हाई, बोलतो तसं लिवतो. वैनी गेल्या तवा मी आलो हुतो, पर तुझ्याशी बोलाय झालं न्हाई. त्यांनी मला एकदा न्हाई म्हनत असताना चौथी भाकरी वाढली हुती. ती ध्येनात हाय.

आता झाडांचं. घराजवळ पाच-सहा झाडं बास. आंबा एकच, केसर, कलमाचा, आन भितीपास्नं वीस फूट लांब. लोक हौसंनं भितीला चिकटून लावत्यात आन मग तडा गेला म्हनून झाडालाच शिव्या देत्यात. चिकू एक. त्यो सावकाश येतो, तुझ्या घाईचा न्हाई, पर नातवंडांला हुईल. पेरू दोन लाव. दुसऱ्या-तिसऱ्या वर्साला खायाला देत्यात. आपल्या वयाला लवकर फळ देनारं बी एक झाड पायजे. लिंबू न्हानीच्या पान्यावर. शीताफळ कुंपनाला, त्याला शेळी बी तोंड लावत न्हाई. डाळिंब नगं. तुझ्या काळ्या रानात ते रडतंय.

आन पानी जपून. तुमी ऊसवाली मानसं. तुमच्या हिशेबी झाड म्हंजी गुडघाभर पान्यात उभं ऱ्हायला पायजे. फळझाडाला तहान लागू दे.

बोर काढू नगंस. वैनींनी राखली ती बराबर राखली. तिची मुळी किती खोल गेली आसंल इचार कर. एप्रिलात कमरंएवढी छाट. पावसाळ्यात फुटवं येतील. ते पेन्सिलीएवढं जाड झालं की त्यावर आमच्या आईच्या बोरीचं डोळं भरायचं. डोळा म्हंजी पानाच्या बगलंतला कोंब. त्यो सालीसकट उचलायचा आन तुझ्या बोरीच्या सालीखाली बसवायचा. खाली तुझी बोर, वर आईची. हितं आमी समद्या बांधावर तसंच केलंय.

औंदा डोळ्यांचं काय खरं न्हाई. पर हायत तवर तुझं काम उरकतो.

सिद्धू

*

रहिमतपूर,
२८ एप्रिल २०२४

सिद्धू,

तू सांगितलंस तसं केलं. जेसीबीवाला दारात येऊन परत गेला. बोर कमरेएवढी छाटली, काट्यांनी दोन्ही हात सोलवटून निघाले. छाटल्यावर ती इतकी केविलवाणी दिसते की मी दोन दिवस तिकडे तोंड करून बसलो नाही.

खड्डे घेऊन ठेवलेत, उन्हानं तापताहेत. केसर आंबा, चिकू, दोन पेरू, लिंबू, सीताफळ, नर्सरीत सांगून आलोय. नर्सरीवाल्यानं डाळिंबाची फार भलावण केली. मी म्हटलं, आमच्या लेयरचा हुकूम नाही.

डोळे कधी धाडतोस? आणि लेका, अक्षराकडे जरा बघ. पूर्वी तुझ्या ओळी परेडमधल्यासारख्या सरळ असायच्या, आता एकमेकींच्या खांद्यावर चढायला लागल्यात. पेन्शन मिळाली म्हणून शिस्त सोडायची नसते.

लाला

*

माळवस्ती
२४ जून २०२४

लाला,

संगं सहा काड्या हायत. डोळं त्याच काड्यांवर. वल्या फडक्यात गुंडाळल्यात. आल्या आल्या भर, ठेवू नगंस. सालीला इंग्रजी टी-सारखी चीर दे, डोळा आत सरकव, वरनं पट्टी बांध, डोळा तेवढा उघडा ठेव. इस दिवस हात लावू नगंस.

सांगलीला जाऊन डोळं दाखवून आलो. लय उशीर केला म्हनाले. मला बी तसं वाटतंयच. आता देवावर.

अक्षराला नावं ठेवू नगंस. लिवायला येळ लागतोय.

सिद्धू

*

रहिमतपूर,
१८ जुलै २०२४

सिद्धू,

तुझ्या काड्यांनी टपालात सात दिवस घालवले. बहुतेक वाळल्या होत्या. त्यातल्या त्यात बरे असे दोन डोळे निवडून दोन फुटव्यांवर भरले. आता एक काळा पडलाय, तो गेल्यात जमा. दुसरा अजून हिरवट वाटतो. त्याची काही आशा आहे का?

आणि शहाण्या, डोळे दाखवायला सांगलीला कशाला गेलास? शेतकी खात्यातल्या त्या साहेबांना बोरीतलं तुझ्यापेक्षा जास्त कळतं का? उशीर झाला म्हणे! पाऊस आत्ता कुठे लागतोय. तुझी आई कोणाला विचारायला गेली होती?

परसात सगळी रोपं लागली. सकाळी चहा घेऊन मी एकेका झाडापाशी उभा राहतो. चंद्रा असती तर म्हणाली असती, "झाडाला बी हजेरी घेताय व्हय?"

लाला

*

माळवस्ती
३ ऑगस्ट २०२४

लाला,

दोन्ही डोळं गेलं. एक पयल्यापास्नं गेल्यात जमा हुता. दुसऱ्यात जरा आशा हुती, ती बी आता न्हाई. आता फिरून येत नसत्यात.

जास्त लिववत न्हाई.

सिद्धू

*

रहिमतपूर,
१० ऑगस्ट २०२४

सिद्धू,

गेले तर गेले! दोन डोळ्यांसाठी एवढं तोंड पाडून लिहायला काय झालं? झाड मेलंय का? मूळ शाबूत आहे, साल ओली आहे, आणि तू मयताला आल्यासारखं लिहितोस. मला नाही असली रड वाचायला आवडत.

ऊठ. सुरीला धार लाव आणि कामाला लाग. गणपतीच्या आत मला नव्या काड्या पाहिजेत, आणि या खेपेला टपालानं नको, साताऱ्याच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे दे. मी कोरेगाव स्टँडवर उभा राहतो. नाही धाडल्यास तर मी समजेन की सिद्धू म्हातारा झाला.

लाला

*

माळवस्ती
२९ ऑगस्ट २०२४

ती. लालासाहेब काकांना राणीचा नमस्कार.

मी सिद्धू मामांची सून, दिग्विजयची बायको. तुम्ही मला लग्नात बघितलं आहे. मामांना आता लिहिता येत नाही म्हणून मी लिहीत आहे.

मामांना काचबिंदू होता. डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला होता, पण त्यांनी घरात कोणाला कळू दिलं नाही. उजव्यालाही कमी दिसतंय हे आम्हाला मे महिन्यात समजलं. दारातल्या मेंढीला ते कुत्रं समजून हाकलत होते. जूनमध्ये सांगलीच्या डॉक्टरांना दाखवलं. औषध चालू केलं, पण ऑगस्ट लागला आणि उजेड तेवढा कळतो, बाकी काही नाही, असं झालं. तुम्हाला दोन्ही डोळे गेल्याचं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. दुपारभर लिहीत होते. त्यानंतर बाजेवर भिंतीकडे तोंड करून जे पडले ते उठेनात. भाकरी पुढे ठेवली तर तशीच राहायची. भेटायला येईल तो माणूस सुस्कारे टाकायचा, बायका पदर डोळ्याला लावायच्या.

मग तुमचं पत्र आलं. मी त्यांच्या डाव्या कानाशी ओरडून वाचलं. काका, खरं सांगते, "दोन डोळ्यांसाठी एवढं तोंड पाडून" हे वाचताना मला राग आला. वाटलं, किती कठोर माणूस आहे. मामा म्हणाले, "परत वाच." तीनदा वाचून घेतलं. "झाड मेलंय का" इथे त्यांनी मान हलवली. मग उठून बसले आणि म्हणाले, "समदी रडाय येत्यात. ह्यो एकटा शिव्या देतोय. पानी ठेव अंगुळीला. आन माझी सुरी कुठं ठेवलीया?"

त्या दिवसापासून मामा जेवतात. ह्यांनी दारापासून बोरीपर्यंत दोरी बांधून दिली आहे, तिला धरून जातात. काडीवर अंगठा फिरवून डोळा ओळखतात. चीर देतात, डोळा बसवतात, पट्टी दाताने धरून बांधतात. बांधावर उरलेल्या रानबोरींवर बारा डोळे भरले. मला म्हणाले, "भरायला डोळं कशाला लागत्यात? बोटं हायत की."

गणपतीच्या आत म्हणाला होतात, म्हणून दहा काड्या धाडत आहे. मामांनी स्वतः निवडून केळीच्या सोपटात गुंडाळल्या आहेत. गुरुवारच्या गाडीनं येतील.

तुम्ही ते पत्र लिहिलंत म्हणून आमचं माणूस परत मिळालं. तुमचे उपकार आहेत.

तुमची,
राणी

*

रहिमतपूर,
६ सप्टेंबर २०२४

चि. राणीस आशीर्वाद.

काड्या मिळाल्या. तीन फुटव्यांवर तीन डोळे भरले.

तू लिहिलंस ते वाचलं. मी सिद्धूला चाळीस वर्षं ओळखतो. त्याला गोंजारून काही होत नाही हे मला माहीत होतं. म्हणून मुद्दामच तसं लिहिलं. त्यात उपकार कसले.

त्याला जप. मी येतो सवडीनं.

लालासाहेब

*

रहिमतपूर,
१७ नोव्हेंबर २०२४

सिद्धू,

राणी, बाळा, हे पत्र मामांना पूर्ण आवाजात वाचून दाखव. वस्तीनं ऐकलं तरी चालेल. ऐकावंच.

सिद्धू, मी खोटं बोललो. सप्टेंबरात राणीला लिहिलं की मुद्दाम तसं लिहिलं. मी मुद्दाम काही लिहिलेलं नव्हतं. "दोन्ही डोळं गेलं" हे मी बोरीचे डोळे गेले असं वाचलं. मी भरलेल्या दोन डोळ्यांबद्दल तुला विचारलं होतं, तू त्याचंच उत्तर दिलंस असं मला वाटलं. तुझी दृष्टी गेली आणि मी तुला काड्या मागत होतो. वर म्हाताराही म्हणालो.

राणीचं पत्र आलं त्या दिवशी ते हातात धरून मी परसात बसलो आणि खूप रडलो. त्याच आठवड्यात खरं लिहायला हवं होतं. पण तिनं उपकार म्हटलं, आणि मला त्या शब्दातून बाहेर पडायचा धीर झाला नाही. इतकी वर्षं गावात लोक मला सुभेदारसाहेब म्हणतात आणि मी भ्यालो. तुझ्याकडे यायला दोनदा घरातून निघालो. एकदा तर आटपाडीच्या गाडीत पाय ठेवला आणि काढला. समोर येऊन काय बोलणार होतो?

नंतर तुझी सगळी पत्रं कॉटवर तारखेनं मांडली. फेब्रुवारीतच तू लिहिलं होतंस, "डोळ्यांचं काय खरं न्हाई, पर हायत तवर तुझं काम उरकतो." मी ते बोरीवर ढकललं. तुझ्या ओळी एकमेकींवर चढायला लागल्या, मी तुला शिस्त शिकवली. सांगलीला दाखवून आलो म्हणालास, मी शेतकी खात्याला शिव्या दिल्या. एकदा, सिद्धू, एकदा जरी माझ्या डोक्यात आलं असतं की माणसालाही डोळे असतात, तर फेब्रुवारीत मी तुला उचलून पुण्याच्या मिलिटरी दवाखान्यात नेलं असतं. उजवा डोळा तेव्हा जिवंत होता. तो कदाचित वाचला असता. ही गोष्ट मला जेवू देत नाही.

बोरीचे तीनपैकी दोन डोळे लागले. चांगले वीतभर फुटलेत. मी रोज बघतो आणि रोज मला लाज वाटते.

तू यापुढे लिहिलं नाहीस तरी मी समजून घेईन.

लाला

*

माळवस्ती
१ डिसेंबर २०२४

लाला,

राणी लिवती, मी बोलतोय. जसं बोलतो तसंच लिव म्हनलंय तिला.

मला तवाच कळलं हुतं. "गनपतीच्या आत काड्या पायजेत" म्हनल्यावर कळंना व्हय? दोन येळा राणीकडनं परत वाचून घेतलं, ते खात्री करायला. पयल्यांदा राग आला. मग हसू आलं. भितीकडं तोंड करून हसलो, राणीला वाटलं रडतोय. सगळ्या गावाच्या लेखी मी आंधळा झालो हुतो. बसवलं तिथं बसायचं, दिलं तर खायाचं. आन हितं एक मानूस मला दम भरतोय, काम कर म्हनून. तुला खरं कळलं आसतं तर तू बी सुस्कारा टाकला आसतास. मग मला उठवनार कोन हुतं?

राणीला म्या सांगितलं न्हाई. तिनं तुला उपकार लिवलं, तवा बी गप ऱ्हायलो. म्हनलं, बघू लाला कवा सांगतोय. अडीच महिनं लागलं तुला. तोफ भरायला बी तू असाच ढिला हुतास.

आता दुसरं. पुन्याचं. हे मी राणीला सुदीक आज पयल्यांदा सांगतोय. सांगलीचा डाक्तर म्हनला, फेब्रुवारीत आला आसता तर उजवा राखता आला आसता. हे खरं हाय. तुझ्यापास्नं लपवत न्हाई. जीव जळतो, लय जळतो. सकाळी उठलं की पयली आठवन तीच.

पर ऐक. म्या "डोळं" लिवलं. "माझं" लिवलं न्हाई. लिवता लिवता हात थांबला हुता. ज्याच्या डोळ्यावर तोफ लागायची त्यानं आपल्या लोडरला कसं लिवायचं, की गड्या, मला आता समोरचं दिसंना? म्हनून बोरीच्या आडून लिवलं. तुला कळावं आन कळू बी नये, असं लिवलं. घरात बी तसंच. हे समदं म्या केलं. निम्मी चूक तुझी आसंल, तर निम्मी माझी. एकट्यानं उचलाय जाऊ नगंस.

ये एकदा. गाडीत पाय ठेवला की काढू नगंस. आन पत्र लय लांबडं लिवू नगंस, राणीचा घसा बसतोय. दिग्विजय म्हनतो, तुमची दोस्ती झाली पर माझ्या बायकूचा आवाज गेला. बोरं धरली की तेवढी धाड. आईवानी.

सिद्धू

*

रहिमतपूर,
१५ जानेवारी २०२६

सिद्धू,

गेल्या वर्षी माघात तुझ्याकडे आलो तेव्हा तू माझ्या तोंडावरून हात फिरवलास आणि म्हणालास, "वाळलास की रं." माझे ओठ हलले ते तुला दिसले नाहीत आणि तू काय म्हणालास ते मला राणीनं पाटीवर लिहून दाखवलं. दोघं बाजेवर बसून राहिलो. इतकं बरं मला चंद्रा गेल्यापासून वाटलं नव्हतं.

बोरीला पहिली बोरं लागली. फार नाहीत. पाच काल सुगडात घातली आणि चंद्राच्या फोटोपुढे ठेवली. आळीतली बनुबाई वाण घेऊन आली होती, तिला दोन दिली. उदय म्हणाला, "बाबा, बरं झालं जेसीबी परत गेला." उरलेली तुला धाडतोय. पेरूही धरलेत, पण ते तू आल्यावर.

बाकी काही लिहीत नाही. पिशवीत आहे तेच पत्र. तूच वाच.

लाला

*

माळवस्ती
२३ जानेवारी २०२६

ती. काकांना नमस्कार.

पिशवी मिळाली. मामांनी बोरं कोणाला धुऊ दिली नाहीत. एक बोर दाढेखाली धरून कितीतरी वेळ बसले. आम्ही सगळे समोर उभे. मग म्हणाले ते असं:

"त्याला लिव. बोर आईचंच हाय. साल तीच, गर तोच. पर पानी लय घालतोस, लाला. सांगितलं हुतं, तरी घालतोसच. गोडी पातळ झालीया. दिवाळीनंतर तोड पानी. बियापाशी जरासा आंबूसपना हाय. त्यो आमच्या बोरीत कवाच नव्हता. त्यो खालच्या मुळीचा, वैनींच्या बोरीचा. त्यो घालवाय जाऊ नगंस. ऱ्हाऊ दे."

मी विचारलं, आणखी काय वाचलंत? म्हणाले, "मानूस बरा हाय. आता जेवतोय."

खालच्या दोन ओळी मामांनी स्वतः लिहिल्या आहेत. कागदाखाली पट्टी धरून बसले होते. ओळी एकमेकींवर गेल्या आहेत, त्यामुळे मी त्या खाली परत लिहून देते:

लाला, पावसाळ्यात मला न्यायला ये.
ऱ्हायल्याल्या फुटव्यांवर डोळं भरतो.